अध्यक्ष होण्याआधीचा वकील लिंकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम लिंकनबद्दल आपल्याकडे तीन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात: लाकडी ओंडक्यांची झोपडी, शाळेच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पत्र, आणि शेवटी नाटकगृहात लागलेली गोळी. झोपडी आणि राष्ट्राध्यक्षपद यांच्या मध्ये जवळजवळ पंचवीस वर्षांची वकिली आहे, तिच्याबद्दल मात्र कुणी आपणहून विचारत नाही. मी स्वतः तालुका कोर्टात काळा कोट घालणारा माणूस, त्यामुळे मला रस नेमका त्याच वर्षांत. वकिलांच्या बाररूममध्ये आणि बाहेरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. या पानावरचा लिंकन अजून कुणी थोर झालेला नाही, म्हणून त्याचा उल्लेख सरळ एकेरी केला आहे.

‘सरहद्दीवरचा वकील’ म्हणतात, ती सरहद्द कुठली?

दोन देशांमधली नव्हे. गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती जिथे संपत होती आणि पुढे नुसता माळ, जंगल आणि तिथल्या मूळ जमातींचा मुलूख होता, ती कड म्हणजे तेव्हाची सरहद्द. इलिनॉय हे राज्य १८१८ साली झालं. लिंकन १८३० मध्ये तिथे आला तेव्हा ते बारा वर्षांचं होतं. रस्ते म्हणजे चाकोऱ्या, पूल क्वचितच, आणि रोख पैसा कमी म्हणून सगळा व्यवहार वचनचिठ्ठ्यांवर. आता जिथे उधारीवरच जग चालतं तिथे वकिलाला काम किती असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेच्या गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

तो त्या भागात पोचला कसा?

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, केंटकीत. सातव्या वर्षी कुटुंब इंडियानात गेलं, तिथे १८१८ मध्ये आई वारली. सगळी शाळा मिळून वर्षभराचीही भरली नाही, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. १८३० मध्ये बाप इलिनॉयला आला आणि पुढच्याच वर्षी बावीस वर्षांचा मुलगा घरातून बाहेर पडला.

बाहेर पडला तो सपाट बुडाच्या मालवाहू होडीवर. माल न्यू ऑर्लीन्सला न्यायचा होता. एप्रिल १८३१ मध्ये सँगॅमन नदीवर न्यू सालेम या गावी गिरणीच्या बंधाऱ्यावर होडी अडकली. पुढचं अर्धं अंग हवेत, मागून पाणी शिरतंय, आणि काठावर गावकरी तमाशा बघताहेत. लिंकनने मागचा माल उतरवायला लावला, नाकाडाकडे तळाला भोक पाडून आत आलेलं पाणी सोडून दिलं, भोक बुजवलं आणि होडी बंधाऱ्यावरून पलीकडे सरकवली. होडीच्या मालकाला हा पोऱ्या आवडला. त्याने न्यू सालेममध्ये दुकान काढलं आणि लिंकनला तिथे कारकून म्हणून ठेवलं.

(अठरा वर्षांनंतर, मे १८४९ मध्ये, उथळ पाण्यात अडकलेली जहाजं वर उचलण्याच्या युक्तीचं पेटंट लिंकनने घेतलं. क्रमांक ६४६९. पेटंट नावावर असलेला अमेरिकेचा एकमेव राष्ट्राध्यक्ष तोच.)

आधी वकील झाला की आधी निवडणूक लढवली?

आधी निवडणूक, आणि तीही गावात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मार्च १८३२ मध्ये त्याने राज्याच्या विधिमंडळासाठी उमेदवारी जाहीर केली. जाहीरनाम्यातला मुख्य मुद्दा नदी खोल आणि सरळ करून बोटी आणण्याचा. बंधाऱ्यावर अडकलेल्या माणसाला हा मुद्दा सुचणारच.

मध्येच मूळ जमातींशी ब्लॅक हॉक युद्ध उपटलं. स्वयंसेवकांच्या तुकडीने लिंकनला कॅप्टन निवडलं. लढाई काही वाट्याला आली नाही. पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सभागृहात त्यानेच स्वतःची थट्टा केली की आपलं रक्त सांडलं ते डासांशी लढताना. ऑगस्टमध्ये निकाल लागला: तेरा उमेदवारांत आठवा. हरला. पण न्यू सालेमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला होती. तेव्हा मत तोंडी द्यायचं, सगळ्यांसमोर नाव घेऊन. म्हणजे त्या २७७ जणांनी चारचौघांत उभं राहून त्याचं नाव उच्चारलं होतं. मला विचाराल तर त्याच्या राजकारणाचं भांडवल हेच. १८३४ मध्ये तो निवडून आला, आणि मग १८३६, १८३८ आणि १८४० मध्येही.

मधल्या काळात पोट कसं भरलं?

पडेल ते काम करून. पहिलं दुकान वर्षभरातच बसलं. मग विल्यम बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने स्वतःचं दुकान घेतलं, तेही उधारीवर. तेही बुडालं. बेरी १८३५ मध्ये वारला आणि सुमारे अकराशे डॉलरचं देणं एकट्या लिंकनच्या डोक्यावर आलं. तो त्याला गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा. फेडायला वर्षं गेली, पण फेडलं.

मे १८३३ मध्ये तो गावाचा पोस्टमास्तर झाला. पगार थोडा, पण येणारी वर्तमानपत्रं आधी वाचायला मिळत. टपाल टोपीत खोचून तो लोकांच्या घरी नेऊन द्यायचा, असं सांगतात. नंतर मोजणीदाराचा मदतनीस. होकायंत्र, साखळी आणि घोडा एवढं सामान, आणि तेही एकदा सावकाराने जप्तीत लिलावाला काढलं. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ते बोलीत घेतलं आणि लिंकनला परत दिलं.

मोजणीदाराचं काम वकिलाला किती शिकवतं, हे बांधाचे दावे चालवणाऱ्यालाच कळेल. कुणाचा बांध कुठून जातो, कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या ओढ्याने कधी पात्र बदललं, हे सगळं त्याला सनद मिळण्याआधी पायाखालचं होतं.

वकिली शिकला कुठे? लॉ कॉलेज होतं का?

नाही. एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करायची किंवा घरी पुस्तकं वाचायची, असे दोनच मार्ग. लिंकनने दुसरा धरला. विधिमंडळातला सहकारी जॉन टॉड स्टुअर्ट याने त्याला वकिलीकडे वळवलं आणि पुस्तकं वाचायला दिली. ती आणायला न्यू सालेमहून स्प्रिंगफील्डला जायचं, तीसेक किलोमीटर. इंग्लिश कायद्यावरचं ब्लॅकस्टोनचं भाष्य हा तेव्हाचा पाया, तो त्याने घोकून काढला.

आधी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टाने सचोटीचा माणूस असल्याची नोंद केली, मार्च १८३६ मध्ये. सप्टेंबर १८३६ मध्ये परवाना मिळाला आणि १ मार्च १८३७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पटावर नाव चढलं. पुढे १८५५ मध्ये एका तरुणाने त्याच्याकडे वकिली शिकायची इच्छा कळवली, तेव्हा त्याने लिहिलं की कुणाच्या हाताखाली शिकतोस याला फार महत्त्व नाही, पुस्तकं मिळव आणि ती नीट वाच, मीही कुणाकडे शिकलो नाही.

स्प्रिंगफील्डला गेला तेव्हाचा खोगीरपिशव्यांचा किस्सा खरा आहे का?

तो जोशुआ स्पीडने सांगितलेला आहे, आणि स्पीड त्यातलं एक पात्रच होता. १५ एप्रिल १८३७ रोजी लिंकन उसन्या घोड्यावरून त्याच्या दुकानात आला आणि एका माणसाच्या अंथरूण-पांघरुणाची किंमत विचारली. सतरा डॉलर. लिंकन म्हणाला, स्वस्त आहे, पण माझ्याकडे तेवढेही नाहीत. नाताळपर्यंत उधार द्या, वकिली चालली तर देईन, नाही चालली तर कधीच देता येणार नाहीत. स्पीडला दया आली. म्हणाला, वर माझी खोली आहे, मोठा पलंग आहे, तिथेच राहा. लिंकन खोगीरपिशव्या घेऊन वर गेला, त्या जमिनीवर टाकल्या, खाली आला आणि म्हणाला, “झालं, स्पीड, मी राहायला आलो.”

याच स्प्रिंगफील्डला राज्याची राजधानी आणण्यात विधिमंडळातल्या लिंकनचा मोठा हात होता. सँगॅमन काउंटीचे नऊ सदस्य, सगळे उंच, म्हणून त्यांना ‘लांब नऊ’ म्हणत. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी व्हॅंडेलियाची राजधानी उचलून आपल्या गावी आणली. याच अधिवेशनात रेल्वे आणि कालव्यांवर एक कोटी डॉलर खर्चायची योजना मंजूर झाली, लिंकन तिच्या बाजूने होता. त्याच वर्षी मंदी आली आणि राज्य कर्जात रुतलं. त्याचे चाहते हा भाग भराभर उलटतात.

त्याचे भागीदार कोण होते?

तीन. पहिला स्टुअर्ट. १८३८ मध्ये स्टुअर्टने काँग्रेसची निवडणूक स्टीफन डग्लसविरुद्ध अवघ्या ३६ मतांनी जिंकली आणि तो वॉशिंग्टनला गेला. ऑफिस एकट्या लिंकनवर पडलं. फीच्या वहीत त्याने त्या दिवशी नोंद केली: लिंकनच्या कारभाराची सुरुवात, २ नोव्हेंबर १८३९. वरिष्ठ गावाला गेल्यावर खुर्चीत बसून पाहणाऱ्या ज्युनिअरची ही खोडी मला फार ओळखीची वाटते.

दुसरा स्टीफन लोगन, १८४१ ते १८४४. हा खरा गुरू. कागद नीट तयार करणं आणि समोरचा काय म्हणेल ते आधी मांडून बघणं लिंकन त्याच्याकडे शिकला. तिसरा विल्यम हर्नडन, नऊ वर्षांनी धाकटा. फी आली की अर्धी-अर्धी, हिशेबाची वही जवळजवळ नाहीच. ऑफिसचा अवतार विचारू नका. कागदांच्या एका गठ्ठ्यावर लिंकनने लिहून ठेवलं होतं की दुसरीकडे कुठे सापडलं नाही तर यात बघावं. आणि महत्त्वाची पत्रं टोपीत. १८५० मध्ये एका पत्राला उशिरा उत्तर देताना त्याने खरं कारण कळवलं: तुमचं पत्र जुन्या टोपीत ठेवलं होतं, दुसऱ्याच दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली, पत्रही पडलं.

‘सर्किट’ म्हणजे नेमकं काय?

फिरतं कोर्ट. इलिनॉयचं आठवं न्यायमंडळ एका टप्प्यावर चौदा काउंट्यांचं होतं. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस वसंतात एकदा आणि शरदात एकदा गावोगाव फिरायचे, आणि त्यांच्या मागे वकिलांचा तांडा, घोड्यावर नाहीतर बग्गीत. एकेका गावी दोन-चार दिवस ते आठवडाभर कोर्ट भरायचं. कोर्टाचा आठवडा म्हणजे गावाला जत्राच: माणसं भाकरी बांधून खटले ऐकायला यायची, कारण करमणूक दुसरी नाही.

वकील उतरला की अशील अंगणातच गाठायचे. वकीलपत्र घ्यायचं, तासाभरात कैफियत लिहायची आणि दुपारी ज्युरीसमोर उभं राहायचं. मुदत मागायची सोय फार नव्हती (आमच्याकडे हे वाचून काही जणांना घाम फुटेल). रात्री खानावळीत एका पलंगावर दोन-दोन वकील, सकाळी ज्याच्याशी भांडले त्याच्याच शेजारी. डेव्हिस मात्र सव्वाशे किलोच्या वरचे, म्हणून त्यांना पलंग स्वतंत्र. जेवणानंतर शेकोटीभोवती गप्पा, त्यात लिंकनच्या गोष्टी. बाकीचे बरेच वकील शनिवारी घरी पळत, लिंकन पूर्ण फेरी करायचा. घरी बायकोशी, मेरीशी, फार पटत नव्हतं म्हणून, असं हर्नडन सुचवतो; हर्नडनचं आणि मेरीचं हाडवैर होतं, तेव्हा तेवढं मीठ चिमटीने घ्यावं.

राजकारणाच्या दृष्टीने या फेऱ्या म्हणजे वर्षातून दोनदा फुकटचा प्रचारदौरा. १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या उमेदवारीची मोट बांधली ती याच डेव्हिसनी. सर्किटची ओळख तिथे कामाला आली.

खटले कसले असायचे? फी किती घ्यायचा?

उधारीची वसुली भरपूर. शिवाय जमिनीचे वाद, डुकरं शेतात शिरली, घोडा खोड लपवून विकला, बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, घटस्फोट, अधूनमधून खून. सगळे मिळून पाच हजारांवर प्रकरणांत त्याचा किंवा त्याच्या भागीदारांचा हात होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तीनशेहून अधिक.

फी बहुतेक पाच ते वीस डॉलर. १८५६ मध्ये एका अशिलाने भाडेपट्ट्याचे कागद करून दिल्याबद्दल पंचवीस डॉलर पाठवले, तर याने दहा परत केले, की या कामाला पंधरा पुष्कळ झाले. पण यावरून त्याला भोळा सांब समजू नये. इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी त्याने करमाफीचा मोठा दावा जिंकला, कंपनीने पाच हजार डॉलरची फी द्यायला खळखळ केली, तर १८५७ मध्ये त्याने आपल्याच अशिलावर दावा लावला आणि वसूल केली. साध्या अशिलाला दहा परत आणि रेल्वेकडून पाच हजार, दोन्ही एकाच वहीतले.

वकिलीवरच्या त्याच्या टिपणांत एक सल्ला आहे: लोकांना खटल्यापासून परावृत्त करा, तडजोडीला राजी करा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे अशील म्हणतात. तिकडे वकीलच म्हणत होता.

वकील असताना गुलामगिरीबद्दल त्याची भूमिका काय होती?

इथे जरा थांबायला हवं, कारण उत्तर सरळ नाही.

मार्च १८३७ मध्ये, वय अठ्ठावीस, त्याने डॅन स्टोन या सहकाऱ्याबरोबर विधिमंडळात लेखी निषेध नोंदवला की गुलामगिरीची संस्था अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे. त्याच कागदात हेही लिहिलं की गुलामगिरी नष्ट करा असा प्रचार केल्याने तिचे दुष्परिणाम वाढतात. १८४१ मध्ये नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय मुलीच्या विक्रीच्या वचनचिठ्ठीवरचा खटला त्याने वरच्या कोर्टात जिंकला. कोर्टाने म्हटलं की इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच धरला पाहिजे, आणि स्वतंत्र माणसाची विक्री होत नाही, म्हणून चिठ्ठीच रद्द.

आणि मग १८४७. केंटकीचा रॉबर्ट मॅट्सन आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर राबायला आणायचा. जेन ब्रायंट ही बाई आपली मुलं घेऊन त्याच्याकडून पळाली. मॅट्सनने त्यांना परत मिळवण्यासाठी कोर्ट गाठलं आणि त्याच्या बाजूने उभा राहिला लिंकन. तो हरला, जेन आणि तिची मुलं मोकळी झाली. ‘आलेल्या अशिलाचं वकीलपत्र घ्यावं’ हा वकिलांचा धर्म मला मान्य आहे. पण या खटल्यापाशी माझी जीभ अडखळते. तेव्हा इतर वकिलांनी अशी कामं नाकारल्याची उदाहरणं होती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या लोकांत लिंकन येतोच. पण १८४७ च्या त्या कोर्टात तो दुसऱ्या बाजूला बसलेला होता, हेही ठाऊक असावं.

त्याने खरंच द्वंद्वाचं आव्हान घेतलं होतं?

हो. आणि खिडकीतून उडीही मारली होती. उडी आधी सांगतो: डिसेंबर १८४० मध्ये विरोधकांनी दारं अडवल्यावर सभागृहाची गणसंख्या मोडावी म्हणून लिंकन आणि एक-दोन सहकारी खिडकीतून बाहेर पडले. उपयोग शून्य, हजेरी आधीच लागली होती.

द्वंद्व १८४२ चं. जेम्स शील्ड्स या राज्याच्या लेखापालाची टवाळी करणारी पत्रं टोपणनावाने वर्तमानपत्रात आली, त्यातलं एक लिंकनचं. शील्ड्सने आव्हान दिलं. शस्त्र निवडायचा हक्क लिंकनचा. त्याने घोडदळाच्या जड तलवारी मागितल्या, मध्ये फळी, तिच्यापलीकडे पाय टाकायचा नाही. सहा फूट चार इंचाच्या माणसाने घातलेली ही अट. २२ सप्टेंबरला मंडळी मिसिसिपीतल्या बेटावर पोचली, तिथे मध्यस्थांनी समेट केला. आयुष्यभर त्याला या प्रसंगाची लाज वाटत राहिली.

काँग्रेसमध्ये त्याने काय केलं?

१८४६ मध्ये पीटर कार्टराइट या गाजलेल्या मेथडिस्ट प्रवचनकाराला सुमारे दीड हजार मतांनी हरवून तो गेला. डिसेंबर १८४७ मध्ये बसला आणि महिना संपायच्या आत मेक्सिकोशी चाललेल्या युद्धावरून राष्ट्राध्यक्ष पोक यांना वकिली थाटात प्रश्न टाकले: मेक्सिकोने आमच्या भूमीवर रक्त सांडलं म्हणता, तर ती नेमकी जागा दाखवा. ती उलटतपासणी होती आणि मुद्दा पक्का होता. पण देश युद्धाच्या धुंदीत. गावाकडे त्याला ‘स्पॉटी’ म्हणजे ‘जागावाला’ असं नाव पडलं. हर्नडनसुद्धा पत्रातून भांडला.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘लिंकनची अपयशं’ ही यादी खरी का?

अर्धवट, म्हणजे जास्त फसवी. त्यात १८३२ चा पराभव असतो, पण विधिमंडळातले चार विजय नसतात. काँग्रेसची पुढची टर्म ‘गमावली’ असं असतं. प्रत्यक्षात जागा पक्षातल्यांनी आळीपाळीने घ्यायची असं ठरलेलं होतं, तो उभाच राहिला नाही. त्याच्या जागी लोगन उभा राहिला आणि पडला. लिंकनला खरोखर झोंबलं ते १८४९ मध्ये जमीन खात्याचं आयुक्तपद दुसऱ्याला गेलं तेव्हा. ऑरेगॉनला पाठवायची तयारी सरकारने दाखवली, ती त्याने नाकारली आणि परत सर्किट धरलं.

मुख्याध्यापकांना लिहिलेलं ते पत्र?

त्याच्या संग्रहित लेखनात नाही. मजकूर सुंदर आहे, लिंकनचा नाही.

पंचांग दाखवून खून खटला जिंकला तो हाच का?

हाच, मे १८५८, बीअर्ड्सटाउन. आरोपी डफ आर्मस्ट्राँग. याचा बाप जॅक म्हणजे न्यू सालेममध्ये लिंकनशी कुस्ती खेळून पुढे जिवलग झालेला गडी. जॅक वारला होता, आई हॅना हिने निरोप धाडला. मुख्य साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमाराला चंद्राच्या लख्ख प्रकाशात मी वार होताना पाहिला. लिंकनने त्याच्याकडून ‘लख्ख प्रकाश’ पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मग १८५७ चं पंचांग मागवलं: त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला. ज्युरी हसली, म्हणतात. डफ सुटला. फी घेतली नाही. मात्र नुसत्या पंचांगाने खटला जिंकला असं मी म्हणणार नाही. शेवटच्या भाषणात त्याने आर्मस्ट्राँगांच्या घरी खाल्लेल्या भाकरीची आठवण काढली, तेव्हा ज्युरीतल्यांचे डोळे भरून आले होते.

राजकारणात परत का आला?

१८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा. नव्या मुलखात गुलामगिरी आणायची की नाही हे तिथल्या वस्तीने ठरवावं, अशी वाट डग्लसने मोकळी केली. तोच डग्लस, ज्याला स्टुअर्टने ३६ मतांनी पाडलं होतं. १६ ऑक्टोबरला पिओरियात लिंकन तीन तासांच्या आसपास बोलला, आणि त्या भाषणाची बांधणी खटल्यासारखी आहे: आधी जुने करार आणि कायदे एकेक करून पुराव्यात, मग युक्तिवाद. वर्षानुवर्षं ज्युरीपुढे बोलून घडलेली भाषा.

यातलं आज काही बघायला मिळतं का?

मिळतं. शिकागोकडच्या मराठी मंडळींना स्प्रिंगफील्ड गाडीने तीन-साडेतीन तास. लिंकन-हर्नडनचं ऑफिस ज्या इमारतीत होतं ती जपलेली आहे. १८६१ मध्ये वॉशिंग्टनला निघताना त्याने हर्नडनला सांगितलं होतं की पाटी तशीच राहू दे, परत आलो की वकिली पुढे चालू. बीअर्ड्सटाउनचं कोर्टही उभं आहे. न्यू सालेम १८४० च्या सुमाराला ओस पडलं, आता दिसतात ती घरं विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली. त्यातली मूळची म्हणावी अशी एकच, पिंपं बनवणाऱ्या ऑनस्टॉट सुताराचं दुकान. लिंकन रात्री तिथे लाकडाच्या ढलप्या पेटवून त्या उजेडात वाचत बसायचा, असं गावातली माणसं नंतर सांगत.